मैदान मोकळं, आंगण भरलं

बाजाराच्या मैदानात कोणी पाल ठोकू नये, चूल मांडू नये, असा नियम वाशीमच्या कमिटीने केला आणि तो पाळून घ्यायचं काम रंगराव शिपायाच्या गळ्यात पडलं. चिटणीस भगवंतरावांनी गावात दवंडी पिटवली आणि त्याला बजावलं, "परवा मोठे साहेब येऊन राह्यले. एक बी पाल दिसलं, त तुह्या कमरेचा पट्टा गेला समज."

मैदानात हेमसिंगाचं बिऱ्हाड होतं. रस्त्याची खडी फोडायला आलेलं. काम संपलं, बिऱ्हाड राहिलं.

"नायका, पाल उचल. जागा सरकारी हाय," रंगराव म्हणाला.

"उचलतो ना जमादार. ठेवू कुठी?"

"सरकारी नसंन तथी."

"मंग तुमीच दाखवा. आमाले काय समजते, कोनची कोनाची."

रंगराव विचारात पडला. रस्ता सरकारी, नाला सरकारी, स्टेशन रेल्वेचं, शेतं मालकांची. खात्रीने सरकारी नसलेली एकच जागा त्याला ठाऊक होती, आणि ती त्याच्या घरापुढे होती. संध्याकाळी हेमसिंगाचं पाल रंगरावाच्या आंगणात उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानात कल्हईवाला म्हातारा सापडला, गाढवासकट. मग आंधळी सुंदरबाई. गाढव धरून तिघांनाही रंगरावाने त्याच रस्त्याने घरी आणलं. गाढवाने आल्या आल्या जिजाबाईची मेथी अर्धी संपवली. जिजाबाईने नवऱ्याच्या ताटात मेथीचे नुसते देठ वाढले, तेव्हाच तो घाबरला.

साहेब यायच्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. केनवडला भावाकडे गेली असेल, असं मनाशी म्हणत रंगराव मैदानावर पोचला. मधोमध चूल धूर काढत होती आणि चुलीपुढे जिजाबाई.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"तुमी सारे लोकं घरी नेले. इथी मोकळं हाय."

"मायी नोकरी जाईन ना."

"मंग उठवा मले. पन नेसान कुठी? घरी त जागा नाई."

एवढ्यात साहेबांची मोटर आली. मागून भगवंतराव धावत आले. "कोन हाय हे बाई?"

"मायी बायको," रंगराव जमिनीकडे बघत म्हणाला.

साहेबांनी काय झालं ते विचारलं. जिजाबाईने चुलीपुढून न उठता सगळं सांगितलं, मेथीसकट. साहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि भगवंतरावांकडे वळले. "तुमच्या नियमात उठवायचं लिहिलं आहे. बसवायचं कुठे?"

गुरांच्या बाजाराची पडवी बाजाराचा दिवस सोडला तर रिकामीच असते, हे साहेबांनीच भगवंतरावांकडून काढून घेतलं. सगळ्यांनी तिथे राहावं असं ठरलं. पट्टा रंगरावाच्या कमरेलाच राहिला.

नवराबायको घरी आली, तर आंगण सारवलेलं. कल्हईवाल्याने घरातली झाडून सारी भांडी उजळून ठेवली होती. उरलेली मेथी सुंदरबाईने हाताने चाचपून निवडली होती, आणि हेमसिंगाच्या बायकोने, चंदाबाईने, भाजीभाकरी केली होती. लग्न झाल्यापासून आपल्या चुलीवरची दुसऱ्या हातची भाकरी जिजाबाई पहिल्यांदाच खात होती.

निघताना चंदाबाई तिच्या पाया पडली. "बाई, इतक्या गावांत फिरलो. तुमच्या आंगनात कोनी 'ऊठ' म्हनलं नाई."

"मीच उठून गेली होती ना वं," जिजाबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

सगळे गेले. आंगण एकदम मोठं झालं. जिजाबाई उंबऱ्यात बसली आणि हळूच म्हणाली, "अवो, मैदानावर एक चक्कर मारून या ना."

"कायले?"

"पाहा, कोनी आलं असंन त."