रशीदभाईंची गुलाबी काच

बियाण्याच्या एजंटाने मला फसवलं. पेरणीआधी त्याने गावात प्रोजेक्टर लावून आम्हाला हिरवंगार वावर दाखवलं आणि कपाशीचं बीटी बियाणं विकलं. पुढे बदली झाल्यावर जाता जाता तोच प्रोजेक्टर माझ्या गळ्यात मारला. पण नेमकं कशात फसलो, हे मला रशीदभाईंमुळे कळलं.

रशीदभाई आमच्या धामणगाव बढ्यात लग्नाची शूटिंग करतात. ट्यूबलाइटखाली त्यांना जिलेबी दिली तर खात नाहीत. ताट घेऊन अंगणात जातील, उन्हात निरखतील, मग तोंडात घालतील. एकदा खामगावला मी शर्टाच्या कापडाचा भाव निम्म्यावर आणला होता, तोच यांनी दुकानदाराला कापडासकट रस्त्यावर काढलं.

"भाव मंग करा भाऊ. आधी रंग कोनता ते तं ठरू द्या."

"चाचा, निळा आहे," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या दुकानात निळा हाय. माह्या घरी गेल्यावर काय राहीन?"

त्यांच्याकडे एक गुलाबी काच आहे. ती ते पायमोज्यात गुंडाळून ठेवतात. मांडवातल्या ट्यूबलाइटखाली नवरी हिरवट दिसते. कॅमेऱ्यापुढे ही काच धरली की चेहरा होता तसा दिसतो.

"सासरचे कॅसेट पाह्यतात अन् म्हनतात, पोरगी आधीपासूनच बिमार होती. मंग तिले जन्मभर आयकावं लागते," ते म्हणतात.

मी दारोदार कापूस खरेदी करत वर आलेला माणूस. एजंटाचा प्रोजेक्टर मी घासाघीस करून घेतला आणि घरातच टॉकीज केल्याच्या तोऱ्यात राहिलो. लावून बघतो तर हीरो हिरवा, हिरोईन हिरवी, तिच्या हातातलं दूधही हिरवं. मी रशीदभाईंच्या दारात जाऊन असा तडकलो, जणू त्यांनीच तो विकला होता.

"दिव्यात हिरवा जास्त हाय," ते शांतपणे म्हणाले. "तेवढा कापून टाकू."

भरदुपारी ते पायमोजा घेऊन आले. काचेने उजेड कमी होतो, म्हणून खिडक्यांना गोणपाटं ठोकली. प्रोजेक्टरसोबत एजंटाची सीडी आली होती, तीच लावली. भिंतीवर तेच वावर आलं. कमरेएवढी कपाशीची पऱ्हाटी आणि मधोमध सदरा घालून उभा असलेला एजंट. सगळं हिरवंगार.

रशीदभाईंनी भिंगापुढे काच धरली. हिरवी झाक गेली, सदरा पांढराशुभ्र झाला. आणि पऱ्हाटीची पानं कडांपासून लाल दिसू लागली.

कपाशीचा लाल्या रोग. पान लाल पडतं, बोंड पोसत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं.

"काढा ती काच," मी ओरडलो. "तुमच्या काचेनं लाल केलं."

"त्याचा सदरा लाल हाय का?"

"नाही."

"मंग पानंच काऊन लाल दिसून राह्यले?"

तेच बियाणं माझ्या सगळ्या वावरात उभं होतं. फुलं लागली होती. माझ्या शब्दावर अर्ध्या गल्लीने तेच पेरलं होतं.

"आपल्याकडं येईल का हो?"

ते भिंतीवरची पानं निरखत राहिले.

"रशीदभाई, तुम्ही कोणतं पेरलं?"

"तुम्ही सांगतलं तेच."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन एकर वावर ठोक्याने, वर्षाच्या भाड्यावर, केलं होतं. ते मी विसरलोच होतो. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरेल. मी भिंतीकडे पाठ फिरवली. ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी स्वतःच काच बाजूला केली. भिंत पुन्हा हिरवी झाली.

"बसा भाऊ," ते म्हणाले. "जराक हिरवं पाहा."

खोटा रंग त्यांनी कुणाला दाखवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याशेजारी बसून ते स्वतःही भिंतीकडे बघत राहिले. सीडी संपली तरी आम्ही दोघं गोणपाटं काढायला उठलो नाही. बाहेर आमची वावरं होती.

आता रोज सकाळी मी पानं उलटून पाहतो. बांधापलीकडे रशीदभाईही वाकलेले दिसतात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

भिंतीवर आम्हाला हिरवं दिसलं. पण तो एजंट त्या वावरात स्वतः उभा होता. पानं त्याच्या कमरेला लागत होती. त्याने परत यावं, दिवसाढवळ्या यावं. माझ्याशी बोलू नये, माझा हात उठेल. रशीदभाईंच्या दोन एकरांत उभं राहून त्यांच्या तोंडावर सांगावं की लाल पानं डोळ्यांनी पाहून हे बियाणं त्याने आमच्या गावात का आणलं.