वाढत्या मापाची गाडी

ईशान आणि तन्वी,

मध्यंतरी मधुआजोबांनी तुम्हाला फोन करून गुडघ्यापासून मागच्या हाडापर्यंतचं माप मागितलं. तुम्ही हसलात, एकमेकांना भिंतीशी बसवून मोजलंत आणि इंचांत पाठवलंत. तुमच्या बाबांनी मला वेगळा फोन करून विचारलं, "आई, काका बरे आहेत ना?" फोनवर उत्तर देता आलं नाही, कारण मधुभाऊजी समोरच पोहे खात होते. म्हणून आता नीट बसून लिहिते आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण मधुभाऊजी इंग्रजीत मावत नाहीत. बाबांकडून वाचून घ्या.

मधुभाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबा गेल्यापासून मी वरच्या मजल्यावर राहते, शालूआजी गेल्यापासून ते खाली एकटे राहतात. स्वयंपाक कांताबाई एकत्रच करतात. पुसदला त्यांचं शाळेच्या गणवेशाचं दुकान होतं. दुकान विकून बराच काळ झाला, पण टेप अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. मधुभाऊजी खांद्याकडे पाहतात आणि म्हणतात, "चाळीस झाली का छाती?"

त्यांचा दुकानातला एकच नियम होता, वाढतं माप. जूनमध्ये आया मुलांना घेऊन येत. मधुभाऊजी मूल मोजत आणि मापात दोन बोटं भर घालत. आई कुरकुरली तर म्हणत, "वाढतं घ्या, ताई. लेकरू शाळेत काय वाळाले जाते?" विजारीला आतून एवढी पट्टी दाबलेली असे की तीन वर्षं उसवत राहावं. पुसदमधल्या निम्म्या कर्त्या पुरुषांनी आपलं बालपण दुमडलेल्या बाह्यांत काढलं आहे.

दुकान गेलं, नियम राहिला. खाणारे आम्ही दोघं, कुकर दहा लिटरचा. फ्रिज असा की त्यात कांताबाई उभ्या राहू शकतील. मागे मी एक साधी खुर्ची आणायला सांगितली, तर बाक आला. "वाढतं घेतलं, वहिनी. उद्या कोनी आलं तं?"

तर या माणसाने चैत्रात जाहीर केलं की गाडी घ्यायची, विजेवरची, सात जणांची.

विजेवरची का, याचं कारण त्यांच्या मुलाचा, सुनीलकाकाचा आरव. ईशान, तो तुझ्याच वयाचा. ऑस्ट्रेलियाहून ते सगळे शेवटचे आले होते तेव्हा आपण भाड्याच्या जीपने माहूरला गेलो होतो. डिझेलच्या वासाने घाटात आरवला ओकारी झाली. तो तेव्हा एवढासा होता. मधुभाऊजींच्या धोतरावर झाली, आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण "आजोबा, वास येतो" हे त्याचं बोलणं त्यांनी मनात धरून ठेवलं. विजेच्या गाडीला वास नसतो असं पेपरात वाचलं आणि ठरवून टाकलं.

सात का, याचा हिशेब त्यांनी मला बोटांवर करून दाखवला. "मी, तुमी, सुनील, सूनबाई, दोन लेकरं. झाले सहा."

"आणि सातवा?"

"तो वाढता."

यवतमाळच्या शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो. मी, ते, कांताबाई आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज आहे ते रशीदभाई. मला वाटलं, रशीदभाईंना गाडीतलं कळतं म्हणून घेतलं. तिथल्या मॅडमनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "सर, फॅमिली किती जणांची?"

"सात."

मॅडमनी आमच्यावरून नजर फिरवली. "हे धरून?"

"नाई. हे मापाले आनले."

मग त्यांनी टेप काढली आणि आम्हाला बसवायला सुरुवात केली. रशीदभाई उंच, म्हणून ते सुनील. "सुनील, पाय लांब कर." रशीदभाईंनी निमूटपणे पाय लांब केले. कांताबाईंना सूनबाई केलं, तर त्या उतरून उभ्या राहिल्या. "मी नाई होत. सूनबाई जीनची पँट घालते."

"अवं, बसाचंच तं हाय."

"बसतो. पन सून मनू नका. मंग मले सासऱ्यासमोर पदर घ्या लागन."

राहिली मी. "वहिनी, तुमी मांगं. तुमी बुटक्या हा, आरवच्या जागी चालता." कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई सर्वांत मागच्या सीटवर हनुवटीला गुडघे लावून बसली. त्यांनी माझ्या गुडघ्याला टेप लावली, मग समोरच्या पाठीला लावली आणि मॅडमना सांगितलं, "हे नाई चालत. लेकराले वाढाले जागाच नाई."

अशा तीन कंपन्या झाल्या. नावं लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नव्हता. एकीची मागची सीट आखूड ठरली. दुसरीचं चार्जिंगचं तोंड आपल्या फाटकाच्या उलट बाजूला येत होतं. तिसरीला त्यांनी खाली वाकून, वर चढून, सगळीकडून मोजलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे पसंत.

तरी घाई नव्हती. "एका चार्जिंगमध्ये इतकी जाते मनता. रिकामी गाडी कोनतीबी जाते. सात मानसं बसवून, एसी लावून किती जाते ते सांगा." तिथल्या मॅडमनी ड्रायव्हरबरोबर गाडी पुसदला पाठवली. रशीदभाईंना गॅरेजचं काम होतं आणि कांताबाईंनी स्पष्ट नकार दिला. तेव्हा मधुभाऊजींनी आपल्या शेतातल्या तुरीची पोती गाडीत भरली. प्रत्येक सीटवर एक, वजन करून. गाडी सुरू झाली तशी टुणटुण वाजू लागली.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, पोत्याइले बेल्ट लावा. गाडी ऐकत नाई."

त्यांनी एकेका पोत्याला बेल्ट लावला. मागच्या पोत्याचा बेल्ट ओढून पाहिला, जरा सैल केला. अशी ती तूर एसीत बसून महागावपर्यंत गेली आणि परत आली. चौकातल्या लोकांनी पाहिलं. संध्याकाळी दोघं जण भाव विचारायला आले.

मापं तुमच्याकडे मागितली ती याच सुमाराला. मला जरा रागच आला. मी म्हटलं, "भाऊजी, आरवचं माप हवं तर सुनीलला विचारा. माझ्या नातवंडांना कशाला मोजायला लावता?"

ते टेप बोटाभोवती गुंडाळत होते. पूर्ण गुंडाळून झाली. मग म्हणाले, "सुनीलले विचारलं तं तो मनन, कायले पाह्यजे? मंग सांगा लागते. सांगितलं की तो मनते, बाबा, यंदा नाई जमत." टेप पुन्हा उलगडली. "गाडी येईपर्यंत तरी ते येऊन राह्यले, असं राहू द्या ना वहिनी."

मी वर निघून आले. तुमची मापं त्यांना मिळाली होती. ईशानच्या मापात त्यांनी दोन बोटं वाढवली, आणि गाडी बुक केली.

गाडी आली. पांढरी आहे. कांताबाईंनी हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. रशीदभाई मुद्दाम आंघोळ करून आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत डोकावून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"सेठ, इसमें तो कुछ हैच नहीं. आमच्यासाठी काय ठेवलं मंग?"

"हवा भराले ये," मधुभाऊजी म्हणाले.

पेढे वाटून झाले. गल्ली रिकामी झाली. आता फोन करणं टाळता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी शर्ट बदलला, भांग पाडला आणि गाडीजवळ उभं राहून मला मोबाइल धरायला सांगितला. व्हिडिओ लागला. सुनील ऑफिसातून नुकताच घरी आला होता.

"बाबा, नवी गाडी? अरे वा. पण एवढी मोठी कुणासाठी?"

"मोठी स्वस्तात भेटली," मधुभाऊजी म्हणाले. इतकं साफ खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "वासबी नाई येत हिले."

"छान आहे. जपून चालवा."

मोबाइल माझ्या हातात होता आणि हात दुखायला लागला होता. मी मधुभाऊजींना डोळ्यांनी खुणावलं.

"दिवाळीले," ते म्हणाले, "माहूरले जाता आलं असतं सगळ्याइले. घाटात बी चालते. मी पाह्यलं चालवून."

"दिवाळीत कसं जमेल, बाबा? आरवची परीक्षा आहे. पुढच्या वर्षीही हिची नवी नोकरी. बघू आपण."

"हो, हो. शाळा नको बुडवू त्याची. मी असंच म्हनलं."

"थांबा, आरवशी बोला." सुनीलने हाक मारली. आतून कोणीतरी आलं आणि मोबाइलपुढे उभं राहिलं. पडद्यावर नुसता टीशर्ट दिसत होता. मग चेहरा खाली वाकला, तेव्हा तो आरव आहे हे कळलं. बापाच्या कानाशी लागला होता. आवाजही फुटला होता. "हाय आजोबा, नाइस कार," तो म्हणाला. मधुभाऊजी त्याच्याकडे पाहत होते. म्हणजे चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे. आरवने हात हलवला, सुनीलने "ठेवतो बाबा, मीटिंग आहे" म्हटलं आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं, आता ते काहीतरी विनोद करतील. त्यांनी मागचं दार उघडलं. मधली सीट दुमडली. एक हात छताला, एक गुडघ्याला, असे कण्हत ते सर्वांत मागच्या रांगेत जाऊन बसले. सीटवरचं प्लास्टिक करकरलं. त्यांनी पाय सरळ ठेवून पाहिले. ते बसेनात. मग दोन्ही पाय एका बाजूला वळवले.

"कमी पडलं, वहिनी," ते म्हणाले. "वाढतं घेऊनबी कमी पडलं."

मी चष्मा पुसला.

जरा वेळाने आतूनच पुन्हा आवाज आला. "पन पाय तिरपे केले तं बसता येते. पाह्यलं मी. तिरपे केले तं येते."

बाहेर ऊन होतं. मी पुढच्या सीटऐवजी मधल्या रांगेतल्या उरलेल्या सीटवर जाऊन बसले, म्हणजे त्यांना मोठ्याने बोलावं लागू नये. मला उतरायची घाई नव्हती. कांताबाई जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो, दार उघडं, गाडी बंद.

तुमच्या बाबांना सांगा, काका बरे आहेत. दर रविवारी आम्ही दोघं महागावच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर जातो, चहा घेतो आणि परत येतो. ते चालवतात, मी शेजारी बसते. आम्ही दोघं अजून आहोत. गाडी चांगली चालते.

तुमची आजी