रुमालाखालचा भाव

बागवानचाचांनी तुमचा हात हातात घेतला, की पाठोपाठ त्यावर रुमाल पडलाच म्हणून समजा. नवखा माणूस घाबरतो. आमच्या सोसायटीत आलेल्या एका जावईबापूंना तर वाटलं, हे गृहस्थ आता कबूतर काढून दाखवणार.

चाचांची सगळी हयात मार्केट यार्डात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर गेली. त्यांच्या उमेदीच्या काळात तिथे सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. पुढे गाळा मुलाकडे सोपवून चाचा धायरीला आमच्या शेजारी राहायला आले, पण खांद्यावरचा रुमाल काही उतरला नाही. "मॅडम, तोंडानं आकडा सांगायला माणूस लाजतो. बोटांना लाज नसते," असं त्यांचं म्हणणं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण बोटांचा असा विचार कधी केला नव्हता.

गाण्याचं त्यांना भयंकर वेड. कुठंही मैफल असो, धायरीहून बसनं स्वारगेट आणि तिथून पुढे, असे निघालेच. आणि तेही मैफलीचं तिकीट काढून! पुण्यात पास मिळत असताना तिकीट काढणारा माणूस म्हणजे संशयास्पदच. मी एकदा जादाचा पास देऊ केला, तर हात जोडून म्हणाले, "नको मॅडम. फुकट ऐकलं तर तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

आणि तक्रार करायचेही हो! एका बुवांनी घाईघाईत भैरवी घेऊन मैफल गुंडाळली, तर स्वारी थेट पडद्यामागे. "बुवा, माल उत्तम. पण वजनात मारलंत." बुवांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. पुढच्या वेळी मात्र ते भरपूर गायले, आणि गाताना सारखे चाचांकडे बघत होते.

"भाव फुटला पाहिजे" हे चाचांचं पालुपद. बाजारात दर जाहीर झाला की 'भाव फुटला' म्हणतात. चाचांच्या मते गाणाऱ्याचा भाव कधी फुटतच नाही. त्याच्या गळ्यात हार घालतात आणि विषय संपवतात.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग केतकीचं प्रकरण आलं.

केतकी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली. कुणा बड्याचा वरदहस्त नाही, कुठल्या संस्थेचं नाव मागे नाही. एकटीच गाते, चालीही स्वतःच लावते. गणपतीपासून मंगळागौरीपर्यंत सगळे तिला बोलावतात आणि हातात नारळ ठेवतात. त्यांच्या घरी बारा महिने नारळाच्या वड्या! दिवाळीच्या तोंडावर ती मला म्हणाली, "काकू, सोसायटीतला हा दिवाळीचा कार्यक्रम शेवटचा. तबलजीला मी पदरचे देते, असं किती दिवस चालणार? बाबा म्हणतात, पुरे आता, नोकरी बघ." गोड गळ्याची पोर, आणि गाणं सोडायला निघालेली.

कमिटीच्या बैठकीत केतकीसमोरच मी तिच्या मानधनाचा विषय काढला, तर अध्यक्ष जोशी म्हणाले, "पैशांचं काय एवढं? अहो, घरचीच मुलगी! शाल-श्रीफळ देऊ, छान फोटो काढू."

'घरचीच' हा शब्द ऐकला आणि चाचा ताडकन उठले. एवढं संतापलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "जोशीसाहेब, तुमचे चिरंजीव सोसायटीचे हिशेब तपासून फी घेतात. तेही घरचेच. यंदा त्यांना नारळ देऊ या?"

जोशी एकदम समोरचे कागद चाळायला लागले. तिकीट लावायचं ठरलं.

राहिला केतकीचा भाव. चाचांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आम्हाला दिसत होता फक्त हलणारा रुमाल. चाचांचा चेहरा पडला. "एवढंच? वर चढ बेटा, वर चढ." ती मान हलवून नाही म्हणतेय, हे मान हलवून हो म्हणताहेत! जन्मभर भाव पाडून घेणारा व्यापारी चढवत होता आणि विकणारी खाली ओढत होती. असा उलटा सौदा यार्डानं कधी पाहिला नसेल. शेवटी चाचा ओरडले, "भाव फुटला!" केतकी लाजून लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी फाटकावर चाचांची पाटी लागली : 'चहा फुकट आहे. गाणं नाही.' लोकांनी नाकं मुरडली, आणि तिकिटंही घेतली. पैसे मोजले होते ना, मग सगळे वेळेवर आले. कुणी कुजबुजलं नाही. जोशींनी चक्क फोन बंद ठेवला. आणि केतकी काय गायली म्हणून सांगू! समोर असे कान असले की गळाही वेगळा लागतो. तबलजीला त्याचं मिळालं, तिचं तिला मिळालं. तिचे बाबा सगळ्यांत शेवटी उठले आणि एवढंच म्हणाले, "नोकरीचं बघू नंतर."

हॉल रिकामा झाल्यावर केतकी चाचांच्या पाया पडली. मी तिथेच खुर्च्या आवरत होते. तिनं विचारलं, "चाचा, त्या 'घरचीच' शब्दाचा तुम्हाला एवढा राग का आला?"

चाचा एका खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "माझी बायको, मेहरुन. ढोलक घेऊन गायची. आमच्याकडच्या लग्नांमध्ये हळदीला तिच्याशिवाय पान हलायचं नाही. घसा बसेपर्यंत गायची बिचारी. सगळे म्हणायचे, घरचीच आहे. एकदा लग्नाहून येताना तिनं माझ्यापुढे हात केला. म्हणाली, 'टाका रुमाल. बघू तरी, माझा काय भाव होतो.' मी हसलो बेटा. मला वाटलं, गंमत करतेय. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिनं मागे घेतला. आता ती नाही. कुठलं बोट दाबणार होती, कुणास ठाऊक."

केतकी त्यांच्याजवळ खाली बसली. "त्यांचं एक गाणं मला शिकवा ना."

चाचांना सुराचा गंध नाही. तरी त्यांनी डोळे मिटून हळदीचं एक गाणं म्हणायला घेतलं. शब्द अडखळत होते, सूर तर कुठच्या कुठे. केतकी त्यांच्या मागोमाग एकेक ओळ सुरात म्हणत गेली. तिसऱ्या ओळीला चाचा थांबले आणि नुसतं ऐकत राहिले. मी हातातली खुर्ची उघडली, त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि पोटभर रडून घेतलं.