बेंबीतली कडी

“पोटात दुखतंय का गं?” आईने विचारलं.

“छे, नाही तर,” बिट्टी म्हणाली आणि प्रश्नचिन्हासारखी वाकून पुन्हा आरशासमोर गेली.

दुखत होतं, पण पोटात नाही, पोटावर. आदल्या दुपारी तिने बेंबी टोचून घेतली होती. नुकतीच ती अठरा वर्षांची झाली होती. कायद्याने सज्ञान, घरात मात्र अजून अज्ञानच. नुसते केस रंगवते म्हटलं तरी बाबांची बीपीची गोळी वाढायची. म्हणून बेंबीची बातमी एका मैत्रिणीपलीकडे गेली नव्हती.

टोचणारी बाई भलती शांत होती. तिचं दुकान दातांच्या दवाखान्याइतकं स्वच्छ होतं आणि भीतीही तेवढीच वाटत होती. “खूप दुखतं?” बिट्टीने आडवं पडल्या पडल्या विचारलं.

“मुंगी चावल्यासारखं.”

“लाल की काळी?”

बाईने उत्तर दिलं नाही, सुई दिली. बिट्टी शब्दशः बेंबीच्या देठापासून ओरडली. धीर द्यायला आलेली मैत्रीण त्या आवाजाने आधी खाली बसली, मग आडवी झाली. त्यापुढे बाई तिच्याच तोंडावर पाणी मारत राहिली. बिट्टी मात्र आरशात आपलं पोट न्याहाळत होती. इवलीशी चकचकीत कडी आणि तिला एक मणी. जन्मल्यापासून बिनकामाची पडलेली बेंबी आज पहिल्यांदाच नटूनथटून कुठेतरी निघाल्यासारखी दिसत होती.

“घट्ट कपडे घालायचे नाहीत,” बाईने बजावलं. “आणि कशात अडकू देऊ नकोस.”

“बेंबी कशात अडकणार?” बिट्टी हसली.

म्हणून आज तिने सैल, आखूड टॉप चढवला. आज आत्याच्या निवृत्तीचा समारंभ होता.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. उंच, ताठ आणि बोलायला लागली की समोरच्याला आपली नखं कापलीत का ते आठवायला लावणारी. अंगठ्या, डूल, रंगीत क्लिपा तिने शाळेतून हद्दपार केल्या होत्या. लोंबतं कानातलं घालून आलेल्या एका नव्या शिक्षिकेला तिने भर तासाला घरी पाठवलं होतं. आत्या निवृत्त होणार हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत एवढा आनंद झाला, की दोन कट्टर वैरिणींनी एकमेकींना चहा पाजला.

घरच्यांना मात्र काळजी लागली होती. “शाळा सुटली की ताईला आहे कोण?” गाडीत बाबा हळवे होऊन म्हणाले. “बिट्टे, भेटलीस की जरा मिठी मार तिला.”

“आत्याला? चावेल ती!”

“मार म्हटलं ना.”

आत्या सभागृहात व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. अंगात स्वतः विणलेला, जाड लोकरीचा, मोठाल्या टाक्यांचा स्वेटर. बिट्टीने डोळे मिटले, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हात आत्याच्या गळ्यात टाकले. हात वर गेले तसा टॉपही वर गेला. झालं एकदाचं, म्हणून ती मागे सरली. तोच पोटातून अशी कळ आली की ती पुन्हा आत्याला जाऊन चिकटली.

“पुरे,” आत्या म्हणाली.

“अजून थोडं.”

“सोड.”

“नाही सोडत.”

आत्या दिव्याच्या खांबासारखी उभी होती. मिठीत हात कुठे ठेवतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. “तुला ताप-बिप आलाय का?”

“आत्या,” बिट्टी तिच्या गळ्याशी कुजबुजली, “मी अडकलेय. माझ्या बेंबीत कडी आहे. ती तुझ्या स्वेटरात घुसलीय.”

“कुणाच्या बेंबीत?”

“माझ्याच गं.”

“कधीपासून?”

“काल.”

“काढ.”

“ओढलं की जीव जातो.”

“थांब. कात्री मागवते...”

एवढ्यात माइकवरून मुख्याध्यापिका बाईंना व्यासपीठावर यायची विनंती झाली. आत्या आजवर कुठेही उशिरा पोचली नव्हती. “चल,” ती दात आवळून म्हणाली. “माझ्या पायाबरोबर पाय. आणि पडायचं नाही.”

आत्या सुलटी आणि बिट्टी उलटी, अशा दोघी पायऱ्या चढून माइकपाशी आल्या.

“पोरगी सोडायलाच तयार नाही हो!” मागून कुणीतरी म्हणालं. आधी शिपाईमामा गहिवरले, मग त्यांच्यामागून सगळी रांग.

आत्याने बिट्टीच्या डोक्यावरून भाषण सुरू केलं. “शिस्त ही बाहेरून टोचत नाही, ती आतून...” इथे ती अडखळली. पुढचं वाक्य घ्यायला तिने छातीभरून श्वास घेतला, तसा स्वेटर ताणला गेला.

“आई गंऽऽ!” बिट्टीने टाहो फोडला.

मग सभागृहाचा बांध फुटला. ती लोंबत्या कानातल्याची शिक्षिका, एका देवमाणसाला आपण इतके दिवस काय काय बोललो, म्हणून हुंदके देऊ लागली. पहिल्या रांगेत बाबा आईला म्हणत होते, “संस्कार आहेत हे, संस्कार!”

संस्थेचे अध्यक्ष डोळे पुसत उठले. “बाईंची नाळ या शाळेशी जोडलेली आहे, ती आम्ही तोडणार नाही! त्यांना आणखी दोन वर्षं मुदतवाढ!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिक्षकांच्या रांगांतला मात्र वीज गेल्यासारखा बंद पडला. आत्या काही बोलणार, तोच अध्यक्षांनी भलामोठा पुष्पगुच्छ दोघींच्या मधेच कोंबला. बिट्टीने अशी किंकाळी फोडली, की आत्याने तिला तसंच बाजूच्या खोलीत नेलं.

तिथे चित्रकलेच्या कपाटात कात्री सापडली. आत्याने एक टाका कापला, लोकर उसवली आणि दोघी सुट्या झाल्या. तिने चष्मा वर करून बेंबी तपासली. “लाल झालंय. मिठाच्या पाण्याने धुतेस का?”

“हो.”

“बरं.” एवढं म्हणून ती स्टुलावर मटकन बसली. “दोन वर्षं! अगं, मी उद्यापासून पोहायला जाणार होते. पोहायचा पोशाखसुद्धा आणलाय. घंटा नाही, पालक नाहीत, दिवसच्या दिवस नुसतं पाण्यात पडून राहायचं!”

“पण बाबा म्हणाले, तुला शाळेशिवाय करमणार नाही.”

“तुझा बाप लहानपणापासून स्वतःच्याच मनाचं बोलतो.”

“मग नको म्हणून सांग ना.”

“कसं सांगू? आख्खं सभागृह रडतंय बाहेर! भोक तू पोटाला नाही पाडलंस, माझ्या निवृत्तीला पाडलंस.”

बिट्टीने दार किलकिलं केलं. बाबा दिसेल त्याला सांगत होते, “माझी मुलगी बरं का ती!” इतक्या अभिमानाने त्यांनी तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं. गप्प बसलं तर निदान वर्षभर घरात तिची चैन होती. तिने मागे वळून पाहिलं. आत्या उसवलेला स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती.

बिट्टी तडक माइकपाशी गेली. “एक सांगायचं होतं. मी प्रेमाने चिकटले नव्हते. मी अडकले होते.” तिने टॉप वीतभर वर केला. दिव्यांत कडी चकाकली.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्याला जायला कुणी सांगितलंच नव्हतं.

अध्यक्ष चाचरत म्हणाले, “म्हणजे... ते प्रेम नव्हतं?”

“होतं थोडं,” बिट्टी प्रामाणिकपणे म्हणाली. “बाकीची लोकर होती.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “अशा परिस्थितीत मुदतवाढ... तूर्त मागे घेतो.”

शिक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसातल्या सगळ्यात मनापासूनच्या त्याच. दाराशी आलेली आत्याही वाजवत होती.

तोवर बाबा लालबुंद होऊन पायऱ्या चढत होते. आत्या त्यांच्या आणि बिट्टीच्या मधे येऊन उभी राहिली.

“ताई, तू बाजूला हो!”

“तिला हात लावायचा नाही. जखम ओली आहे.”

“अगं, पण हिने...”

“हाताची घडी,” आत्या म्हणाली.

पन्नाशीच्या बाबांनी भर सभागृहात हाताची घडी घातली. तोंडावर बोट तर न सांगताच गेलं.