मिराशी सरांचे पाच ‘का?’

तुमच्या मागे लोकरीचा गुंडा घेऊन कुणी फिरलंय कधी? माझ्या मागे फिरलेत. तेही भर ड्यूटीत!

बोरिवलीच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज, परब सिस्टर. मिराशी सर पहिल्या दिवशी आले ते गळ्यात स्टॉपवॉच घालून. मला वाटलं, कुठल्यातरी शाळेचे पीटीचे सर चुकून इथे आले. त्यांनी लाल लोकरीचं टोक औषधांच्या कपाटाला बांधलं आणि म्हणाले, “सिस्टर, तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी नाहीच असं समजा.” कसं समजू? मी बेड बाराला, लोकर बेड बाराला. मी पुन्हा कपाटाशी, लोकर पुन्हा कपाटाशी. तासाभरात वॉर्डात असं जाळं झालं की राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांचा बूटच अडकला. डॉक्टर रागाने लाल, आणि सर आनंदाने ओरडतायत, “बघा, बघा! एका सलाइनसाठी चार फेऱ्या! फुकट गेलं, सिस्टर, फुकट गेलं!”

सरांचा उभा जन्म मरोळला पंपांच्या कारखान्यात गेला. कामातली फुकटची धावपळ आणि फुकटचं थांबणं शोधून काढायचं, हे त्यांचं तिथलं काम. रिटायर झाल्यावर आमच्या ट्रस्टींनी त्यांना तेच आम्हाला शिकवायला बोलावलं. मुदत एक महिना. आमचा रोग जुनाच होता. डॉक्टर सकाळी नऊला म्हणणार, “जा घरी,” आणि पेशंट पिशवी मांडीवर घेऊन पाचपर्यंत बसणार. महिन्याभरात सगळे डिस्चार्ज बाराच्या आत झाले नाहीत, तर ही शिकवणी बंद, असं ट्रस्टींनी स्पष्ट सांगितलं होतं.

“पंप आणि पेशंट एकच का हो?” मी पहिल्याच दिवशी फटकारलं.

“छे! पंप ताटकळत ठेवला तरी रडत नाही,” सर म्हणाले.

रोज सकाळी चादरींच्या कपाटापुढे पंधरा मिनिटं क्लास. तोही उभ्याने, कारण बसलं की म्हणे झोप येते. आणि सरांचं एकच शस्त्र, ‘का?’ काहीही अडलं की पाच वेळा विचारायचं.

“पेशंट बसून का?”

“बिल आलं नाही,” मी म्हटलं.

“का?”

“उरलेली औषधं खाली फार्मसीत परत गेली नाहीत.”

“का?”

“फाइलीच गेल्या नाहीत.”

“का?”

आता आमच्या आया, सुमन मावशी, कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. “सगळ्या जमल्या की एकदम नेते मी. गुडघे काय तुमचे आहेत?”

“पण एकदमच का, मावशी?”

मावशी हळूच म्हणाल्या, “पहिल्यापासून असंच चाललंय.”

सरांनी अशी टाळी वाजवली की बेड चारची आजी दचकून उठली. “सापडला! गठ्ठा सापडला! गठ्ठा झाला की वाट लागली!”

मग काय विचारता! उरलेली औषधं आदल्या संध्याकाळीच परत जायला लागली. दाराशी एक लाल ट्रे आला. फाइल झाली की ट्रेमध्ये, आणि जो कुणी खाली जाईल त्याने ती न्यायची. पहिले काही दिवस सगळे ट्रेकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. मग मावशीच दारात उभ्या राहिल्या. फाइल घेतल्याशिवाय कुणाची सुटका नाही, अगदी मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा!

तिसऱ्या आठवड्यात तो दिवस आला. सहा बायका घरी जायच्या होत्या. साडेअकरापर्यंत पाच गेल्या. उरली बेड चारची आजी, आणि तिचं बिल खाली अडकलेलं. सर स्टॉपवॉच हातात धरून येरझारा घालतायत, वॉर्डातल्या बायका उठून बसल्यात, मी देवाचं नाव घेतेय, आणि सुमन मावशी, गुडघेवाल्या मावशी, जिन्याने धावत वर, हातात बिल! बाराला चार मिनिटं कमी असताना आजी लिफ्टमध्ये शिरली. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतोय. मी तर रडलेच, लाज कसली?

“झकास!” सर ओरडले. मग स्टुलावर बसले. “जरा लवकरच झालं हो,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर रोज बाराच्या आत वॉर्ड मोकळा. पण सर बिघडले! पाचला काम संपायचं, तरी सात वाजेपर्यंत वॉर्डातच. कधी कूलरशी, कधी चादरी मोजत, कधी माझ्या टेबलाशी. शेवटी मावशींनी उरलेली लोकर घेतली आणि वॉर्डच्या नकाशावर टाचण्या टोचून सरांच्याच फेऱ्या मांडल्या.

“सर, हे फुकट गेलं ना?” मावशी हसत म्हणाल्या.

मलाही मस्ती आली. “सर, पाचला सुटून घरी जात का नाही?”

“चादरी मोजतोय.”

“का?”

“माझं इथलं काम झालं, उद्या शेवटचा दिवस ना.”

“मग लवकर जाऊन आराम करा. का नको?”

“आराम सोसत नाही मला.”

“का?”

“घर फार शांत आहे.”

“का?” पाचवा ‘का’ सवयीनेच तोंडातून गेला, आणि मी जीभ चावली.

सर स्टॉपवॉचच्या दोरीशी चाळा करत होते. मीही मालवणकडचीच, म्हणून असेल, ते एकदम मालवणीवर आले. “बायल गेली माझी. आता घराक गेल्यार, उशीर कित्याक झालो म्हणान इचारूक कोण नाय गो.”

उशीर का झाला म्हणून विचारणारी बायकोच उरली नव्हती. मावशी पदराने डोळे पुसत टाचण्या काढायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टींना जाऊन सांगितलं की पुरुषांच्या वॉर्डात नुसता गोंधळ आहे. खोटं नव्हतं ते. सरांना आणखी मुदत मिळाली आणि पुरुषांच्या वॉर्डात लोकर फिरायला लागली.

आणि मी एक काम अंगावर घेतलं. सर आता पाचला सुटून चारकोपला घरी जातात. रोज साडेसहाला त्यांना फोन करायचा आणि दरडावून विचारायचं, “काय हो, उशीर का झाला?” एखाद्या दिवशी मी विसरले, तर पावणेसातला त्यांचा मिस्ड कॉल येतो. मी लगेच उलटा फोन लावते. सरांकडे पाच कारणं तयार असतात.