वाघमारे सरांचं ‘टाक’

वाघमारे सर कोडच्या ओळींना प्रश्न विचारत. तेही मोठ्यानं. कुणी बदल पाठवला की तो कागदावर छापून घ्यायचे, लाल पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “क्या रे, तुझं काम काय?” मग थांबायचे. ओळीला उत्तर द्यायला वेळ नको?

आमचं ऑफिस हैदराबादचं, काम कंपायलरचं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून द्यायचा, आणि तसं करताना त्यातलं फालतू गाळून तो वेगवान करायचा. त्या गाळणीत कुणी बदल सुचवला की तो आधी सरांपुढे यायचा. ओळ गाळायचं म्हटलं की सर तिचे वकील व्हायचे. “लागत नाही म्हणतोस? कुणाला विचारलंस?” पोरं वैतागायची. एकदा बेगम बाजारात वहिनींनी यादीतला ओवा खोडलेला दिसला, तर यांनी भर दुकानात पुरावा मागितला. शेवटी अर्धा किलो ओवा घरी आला. वहिनी म्हणाल्या, “तुमच्या सरांना ऑफिसातच ठेवून घ्या.”

ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सर मूळचे नांदेडकडचे, जन्म गेला इथं हैदराबादेत, नल्लकुंट्यात, त्यामुळे मराठीत इथल्या हिंदीतल्या ‘हौ’, ‘नक्को’ची सरमिसळ. अकरा वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला.

आता मुद्द्याचं. हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

एक बदल आला होता: एकदा तपासलेली गोष्ट पुन्हा तपासायची नाही, दुसरी तपासणी गाळायची. मुदत त्याच दिवसाची. सर भाचीच्या लग्नाला निघालेले. ते नसले की मान्यतेचं बटण माझ्याकडे. सिकंदराबाद स्टेशनवरून त्यांचा फोन आला. मागे गाडीची घोषणा चाललेली. “सुधाकर, वाचला मी तो बदल. टाकून दे.” फोन कटला.

मराठीत कोडमध्ये बदल घालण्यालाही ‘टाकणं’ म्हणता येतं. पण पसंत बदलाला सर ‘घे’ म्हणायचे, नेहमी ‘घे’. मला अर्थ कळला होता. मी सोयीचा घेतला आणि बटण दाबलं.

दोन तपासण्यांच्या मधे आकडा बदलू शकत होता. एका ग्राहकाचे प्रोग्रॅम चुकीची उत्तरं द्यायला लागले. मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजर सुनीतागारूंनी, म्हणजे सुनीताबाईंनी, विचारलं, मान्यता कुणाची? मी म्हणालो, सर फोनवर ‘टाकून दे’ म्हणाले. त्याचा अर्थ? मी म्हणालो, “घाल.”

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “हौ, शब्द माझाच. त्याचे दोन अर्थ निघतात. मी साफ बोलायला पाहिजे होतं.”

त्यांचं तपासणीचं काम गेलं. नवीन पोरांसाठी माहितीपत्रकं लिहायला बसवलं. आणि मी डबा घेऊन वरच्या मजल्यावर जायला लागलो. समोर बसून घास उतरला नसता.

दोन वर्षं गेली. गेल्या रविवारी मी नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेलो. चहा निम्मा झाल्यावर म्हणालो, “सर, त्या दिवशी मला कळलं होतं. तुम्ही फेकून दे म्हणत होता.”

“मालूम है रे.”

“मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?”

“तिथं मराठी समजणारे आपण दोघं. मी तुला खोटा म्हटलं असतं, तर तुझ्या बाजूनं कोण बोललं असतं?”

माफी मागायची ठरवून आलो होतो, ती तशीच राहिली. आत त्यांची मुलं कशावरून तरी तेलुगूत भांडत होती. सरांनी आवाज खाली आणला.

“ते जाऊ दे. पण तू वर जेवायला गेलास ना, तेव्हापासून ऑफिसात मराठी शब्द नाही तोंडात. घरी पोचतो तर ही झोपलेली, पोरं अशी तेलुगूत.” त्यांनी कप खाली ठेवला. “उद्या मी वर येऊ, का तू खाली येतोस?”