हिरवोजी राघूस पिसे फुटली ती हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून घडले तैसे लिहितो. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरे, पौषमासी आईसाहेबांचे राज्यावर मोठे संकट प्राप्त जाले. शत्रू चालून आला नव्हता, दुष्काळही नव्हता. आईसाहेबांचे लाडके राघू, राजमान्य राजेश्री हिरवोजी, स्वतःची पिसे स्वतःच उपटो लागले. छाती उघडी पडली, गळा बोडका जाला. राखणीस ठकूबाई होती. दरबारचा शिरस्ता ऐसा की सरकारी राघूने श्रम करणे हा सरकारचा अपमान. म्हणोन बाईने डाळिंब सोलून, हरभऱ्याचे घाटे फोडून, रुप्याचे वाटीत चोचीपुढे ठेवावे, आणि राघूने ते घटकेत संपवून उरला दिवस पिसे उपटावी. वैद्यांनी लेप दिले, आणि मांत्रिकांनी धूप घातला, आणि गुण कशाचाच येईना. मग कारभारी अंताजीपंत यांनी आज्ञा केली की, पाडव्याचे दरबारापावेतो पिसे न फुटल्यास राघू रानी सोडावा. ठकूबाईने बारा वर्षे हाताने भरविलेले पाखरू रानात एक दिवसही न टिकते.

ऐसे असता एके सकाळी घाटे सोलताना अख्खी डहाळीच पिंजऱ्यात पडली. हिरवोजी तिजवर तुटून पडले, आणि एकेक घाटा पायात धरोन फोडला, आणि टरफले चहूकडे उधळली, आणि तिसरे प्रहरापर्यंत पिसास चोच म्हणोन लाविली नाही. बाई ताडकन उठली. "अगं बाई, ह्यो आजारी न्हाई, रिकामा हाय!" मग तिने पेरू पळसाचे पानांत बांधिले, दाणे वेळूचे नळीत कोंबून चिंधीचे बूच मारिले, चिंचा उंच टांगल्या, आणि राघू दिवसभर मोहिमेवर राहो लागले. पंतांस कळता ते लाल जाले. "सरकारचा राघू मजुरासारखा राबतो? शोभा केलीत दरबारची!" मग बाई आईसाहेबांपुढे पदर पसरोन बोलली, "पंतांनी दोन दिस गादीवर नुसतं बसावं. घास मी भरवते. काम काय बी करायचं न्हाई." आईसाहेब हसल्या आणि तैसा हुकूम जाला. पहिले दिवशी पंत सुखाने डुलले. दुसरे दिवशी दुपारी गादीचे सूत उसवले, मग मिशीचे केस उपटो लागले, आणि आरसा दाविला तो डावी मिशी अर्धी! पंत मनाचे खरे. म्हणाले, "आईसाहेब, राघूचा अपराध नाही. उद्यापासून घाटे मी स्वतः आणतो."

पाडव्यास दरबार भरला. हिरवोजी अंगभर कोवळी हिरवी पिसे लेऊन आले, आणि सात गाठींची थैली भर सभेत सोडून आतील बदाम फोडून खाल्ला, आणि चौघडा वाजला. ठकूबाईस आनंदाने रडू आवरेना. आईसाहेबांनी साडीचोळी देवविली आणि म्हणाल्या, "ठकूबाई, फार राबलीस. आता जन्मभर घरी बसून खा."

बाईने साडीचोळी कपाळास लाविली आणि हात जोडिले. "आईसाहेब, राघूचं दुखणं मला कशापायी देता?"

आईसाहेबांनी आपला हुकूम मागे घेतला. बाई पिंजऱ्यापाशी कायम राहिली. येणेप्रमाणे राघूची फत्ते जाली, बाईची त्याहून थोर जाली. इतकेच.